मेथोट्रेक्सेट चालू असताना फ्लूची लस

साताऱ्याहून एका मुलीने आपल्या आईविषयी विचारले आहे. आईचे वय 59 आहे. नऊ वर्षांपासून त्यांना आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आठवड्यातून एकदा 15 मिलिग्रॅम मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबून सांध्यांची सूज आवरणारे औषध) आणि रोज सकाळी 5 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे. हातांचे सांधे पुन्हा सुजू लागल्यामुळे पुढच्या महिन्यात रिटुक्सिमॅब सुरू करावे, असे त्यांच्या डॉक्टरांनी सुचवले आहे. घरात वडील, भाऊ, भावजय आणि बालवाडीत जाणारा चार वर्षांचा नातू आहे. पावसाळ्यापूर्वी आईने फ्लूची लस घ्यावी असे मुलीला वाटते; परंतु नात्यातील एकांनी “प्रतिकारशक्ती आधीच कमी, त्यांना लस सोसणार नाही” असे सांगितले, तर जवळच्या दवाखान्यात “या औषधांवर लस लागूच पडत नाही, पैसे कशाला घालवता” असे ऐकायला मिळाले.

उत्तर आधी सांगतो: लस घ्यावी, आणि ती रिटुक्सिमॅबच्या आधी घ्यावी. हे दोन शब्दांत सांगून थांबलो तर नात्यातल्या त्या व्यक्तीची भीती आणि दवाखान्यातला तो आक्षेप, दोन्ही तसेच राहतील. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. पुण्यात गेली सव्वीस वर्षे मी अशा रुग्णांवर उपचार करतो आहे आणि हे दोन प्रश्न मला दर एप्रिल-मे महिन्यांत विचारले जातात.

पहिली भीती सोसण्याची. दंडात टोचली जाणारी फ्लूची लस निष्क्रिय विषाणूंपासून तयार होते. विषाणू रसायनाने मारून त्याचे तुकडे केले जातात आणि त्यांतील मुख्यतः हिमॅग्लुटिनिन नावाचे, विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रथिन शरीराला ओळख म्हणून दिले जाते. नेहमीच्या 0.5 मिलिलिटर डोसात प्रत्येक प्रकारच्या विषाणूचे हे प्रथिन 15 मायक्रोग्रॅम असते. या लसीत वाढू शकेल असे काहीही नसते. त्यामुळे प्रतिकारशक्ती कितीही कमी असली तरी लसीमुळे फ्लू होऊ शकत नाही. एक-दोन दिवस दंड दुखणे, अंग मोडून येणे, थोडी कणकण वाटणे एवढे होऊ शकते, आणि ते धडधाकट माणसालाही होते. लस घेतल्यानंतर आठवड्याभरात कोणाला सर्दी-खोकला झाला तर दोष लसीवर येतो, पण त्या दिवसांत इतर डझनभर विषाणू फिरत असतात आणि फ्लूची लस त्यांच्यापासून संरक्षण देत नाही.

नात्यातील व्यक्तीची भीती मात्र पूर्णपणे निराधार म्हणता येणार नाही, कारण नाकात फवारली जाणारी फ्लूची लसही अस्तित्वात आहे. तिच्यात जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. 2009च्या साथीनंतर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अशी लस बाजारात आणली होती, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच लोकांच्या ती लक्षात आहे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्या रुग्णाला ही नाकातली लस देऊ नये. म्हणून दवाखान्यात “फ्लूची लस द्या” एवढेच न म्हणता “इंजेक्शनची, निष्क्रिय लस द्या” असे स्पष्ट सांगावे. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर या जिवंत लसींबाबत आपल्या आईने आधी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. फ्लूच्या इंजेक्शनला त्या यादीत घालणे ही चूक आहे, आणि ती चूक मी शिकलेल्या माणसांकडूनही होताना पाहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात लसीने तयार होणारी प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिने (अँटिबॉडी), कमी असतात, हे खरे आहे. मेथोट्रेक्सेटने प्रतिसाद थोडा घटतो, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या मायकोफेनोलेटने अधिक घटतो आणि रिटुक्सिमॅबनंतर काही महिने तो जवळजवळ नाहीसा होतो. परंतु ‘कमी’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे. फ्लू पूर्णपणे टळला नाही तरी तो न्यूमोनियापर्यंत आणि अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याची शक्यता कमी व्हावी, हा या रुग्णांत लसीचा मोठा हेतू असतो. निरोगी तरुणाला फ्लू झाला तर तो पाच-सात दिवस अंथरुणात काढून कामाला लागतो. आपल्या आईसारख्या रुग्णाच्या शरीरातून हा विषाणू कित्येकदा आठवडे-आठवडे जात नाही, आणि त्या काळात जिवाणूंचा संसर्ग वर चढतो. ज्याला लसीचा लाभ कमी मिळतो, त्यालाच आजाराचा धोका सर्वाधिक असतो; त्यामुळे लसीचा अर्धा लाभही त्याच्या बाबतीत मोलाचा ठरतो. एचआयव्ही असलेल्या प्रौढांमध्ये दक्षिण आफ्रिकेत ही लस आणि खोटी लस यांची तुलना करणारी चाचणी झाली होती. लस घेतलेल्यांत प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फ्लू सुमारे 75 टक्क्यांनी कमी आढळला. ‘प्रतिकारशक्ती कमी म्हणजे लस निरुपयोगी’ हे विधान त्यापुढे टिकत नाही.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतला एक गृहस्थ माझ्याकडे ऑगस्टमध्ये दाखल झाला. त्याचे मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन दोन वर्षे झाली होती आणि लस घ्यायला तो मे महिन्यात एका ठिकाणी स्वतः गेला होता. “तुमची प्रतिकारशक्ती कमी आहे, काही झाले तर जबाबदारी कोण घेणार” असे म्हणून त्याला परत पाठवले गेले. अकरा दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. तो वाचला, पण प्रत्यारोपित मूत्रपिंडाचे काम पूर्वीच्या पातळीवर परत आले नाही. लस घेतली असती तर हे नक्की टळले असते असे मी म्हणू शकत नाही. एक संधी त्याच्या हातात होती आणि ती एका गैरसमजामुळे काढून घेतली गेली, एवढे मात्र मी म्हणू शकतो, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

आता औषधांचे वेळापत्रक. आपल्या आईच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

कोरियात आमवाताच्या रुग्णांवर एक नेमका अभ्यास झाला. एका गटाने लस घेतल्यानंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवले, दुसऱ्या गटाने ते नेहमीप्रमाणे घेतले. समाधानकारक प्रतिसाद मिळालेल्यांचे प्रमाण थांबवणाऱ्यांत 75.5 टक्के आणि न थांबवणाऱ्यांत 54.5 टक्के होते. पुढच्या अभ्यासात एक आठवडा थांबवणेही दोन आठवड्यांपेक्षा कमी पडले नाही. अमेरिकेतील संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने 2022च्या मार्गदर्शक सूचनांत हेच स्वीकारले आहे: आजार आटोक्यात असेल तर फ्लूच्या लसीनंतर मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवावे, पण थांबवण्याची परवानगी मिळेपर्यंत लस लांबवू नये. यातले ‘लसीनंतर’ नीट लक्षात घ्यावे. बरेच रुग्ण लसीच्या आधी गोळ्या बंद करतात आणि लस घेतल्याच्या दिवशी पुन्हा सुरू करतात. हे नेमके उलटे आहे, कारण पेशींचे काम लस टोचल्यानंतरच्या दिवसांत चालते. आईचे सांधे सध्या सुजलेले आहेत, तेव्हा दोन डोस वगळणे त्यांना झेपेल की एकच वगळावा की एकही नको, हे त्यांच्या संधिवात तज्ज्ञांनी ठरवायचे आहे. “थांबवू नका” असे ते म्हणाले तरी लस मात्र घ्यावीच.

प्रेडनिसोलोनच्या बाबतीत माझी कळकळीची विनंती आहे की, लसीसाठी ते एक दिवसही बंद करू नये. अनेक वर्षे स्टिरॉइड घेणाऱ्या व्यक्तीच्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथी शरीराला लागणारे स्टिरॉइड बनवण्याचे स्वतःचे काम जवळजवळ सोडून बसलेल्या असतात, आणि गोळी अचानक बंद केली तर रक्तदाब घसरून जिवाला धोका होऊ शकतो. 5 मिलिग्रॅमने फ्लूच्या लसीच्या प्रतिसादात फारसा फरक पडत नाही. दिवसाला 20 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक डोस चालू असला तरीही फ्लूची लस द्यावी, इतर काही लसी मात्र डोस कमी होईपर्यंत थांबवाव्यात, असा आजचा सल्ला आहे.

रिटुक्सिमॅब हे बी-पेशी नष्ट करणारे औषध आहे आणि प्रतिपिंडे तयार करणे हेच बी-पेशींचे काम आहे. ते शिरेतून दिल्यानंतर सहा महिने, कित्येकदा त्याहून अधिक काळ, नव्या लसीला शरीराकडून फारसे उत्तर मिळत नाही. म्हणून पहिल्या डोसाच्या किमान दोन आठवडे आधी फ्लूची लस झालेली असावी. आपण पत्रात ‘पुढच्या महिन्यात’ असे लिहिले आहे. याचा अर्थ आपल्या हातात आज वेळ आहे आणि तीन आठवड्यांनी तो नसेल. माझ्या मते क्रम असा ठेवावा: या आठवड्यात लस, डॉक्टरांनी मान्यता दिल्यास त्यानंतरचे दोन मेथोट्रेक्सेट डोस वगळणे, आणि दोन आठवडे पूर्ण झाल्यावर रिटुक्सिमॅब. न्यूमोनियाची, म्हणजे न्यूमोकोकसविरुद्धची लस झालेली नसेल तर तीही याच खिडकीत घ्यावी. ती फ्लूच्या लसीबरोबर त्याच दिवशी, दुसऱ्या दंडात देता येते. नागिणीची निष्क्रिय लस दोन डोसांची असते, तिचाही विषय याच भेटीत काढावा. एखाद्या रुग्णाचे रिटुक्सिमॅब आधीच झाले असेल तरीही फ्लूचा हंगाम समोर असताना पुढच्या संधीची वाट पाहत न बसता लस घ्यावी. प्रतिपिंडे फारशी तयार झाली नाहीत तरी टी-पेशींचा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशींचा, काही प्रतिसाद मिळतो.

मेथोट्रेक्सेटच्या या नियमावरून दुसऱ्या कोणी रुग्णाने आपली औषधे स्वतःच्या मनाने थांबवू नयेत. मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपण झालेल्यांनी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांचा एकही डोस लसीसाठी चुकवू नये. अवयव नाकारला जाण्याचा धोका तिथे खरा आहे, तर लसीमुळे अवयव नाकारला जातो याला आधार सापडलेला नाही. प्रत्यारोपणानंतर साधारण एक महिना उलटला की निष्क्रिय फ्लूची लस देता येते. अस्थिमज्जा प्रत्यारोपणात सहसा सहा महिने थांबतात. केमोथेरपी सुरू व्हायची असेल तर किमान दोन आठवडे आधी लस घेणे उत्तम. ती सुरू झालेली असेल तर पांढऱ्या पेशी तळाला गेलेल्या दिवसांऐवजी पुढच्या चक्राच्या तोंडावर, पेशी सावरल्यावर घ्यावी, आणि तो दिवस ऑन्कॉलॉजिस्टकडूनच ठरवून घ्यावा.

पावसाळ्यापूर्वीच का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो मोलाचा आहे. युरोप-अमेरिकेत फ्लूचा एकच मोठा हंगाम हिवाळ्यात येतो आणि तिथले लोक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लस घेतात. परदेशी संकेतस्थळे वाचून आपल्याकडेही काही जण ऑक्टोबरची वाट पाहतात. महाराष्ट्रात मात्र फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये येते, आणि जानेवारी-मार्चच्या सुमारास दुसरी, बहुधा लहान लाट येते. 2009मध्ये स्वाईन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला तो ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि त्या पावसाळ्यात नायडू रुग्णालयासमोर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या ते त्या विसरणार नाहीत. त्या वर्षीचा एच1एन1 विषाणू कुठे गेला नाही. तो आज हंगामी फ्लूचाच एक प्रकार म्हणून दरवर्षी फिरतो आणि नेहमीच्या लसीत त्याचा घटक असतोच. त्यामुळे ‘स्वाईन फ्लूची लस वेगळी घ्यायची का’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

लस टोचल्यानंतर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, आणि पुढील महिन्यांत ते हळूहळू ओसरते. या दोन गोष्टी जोडल्या की एप्रिल अखेर ते जूनच्या सुरुवातीचा काळ आपल्यासाठी योग्य ठरतो. जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू असावेत हे वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. आपण उत्तर गोलार्धात असलो तरी पावसाळ्यापूर्वी आपल्याकडे दक्षिण गोलार्धाची ताजी लस उपलब्ध होते आणि तीच घ्यावी. खोक्यावर गोलार्ध, वर्ष आणि मुदत छापलेली असते. गेल्या वर्षीची उरलेली लस नको. तीन घटकांची लस की चार, यावरून गोंधळून जाऊ नये. बी प्रकारातील यामागाता हा वंश मार्च 2020नंतर खात्रीने कुठेच सापडलेला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2023पासून तीन घटकांची लस पुरेशी मानली आहे.

लस औषधाच्या दुकानातून घेऊन दवाखान्यात न्यायची असेल तर ती 2 ते 8 अंश सेल्सियसमध्ये राहिली पाहिजे. मे महिन्याच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत ठेवलेली लस टोचून घेण्यात अर्थ नाही. त्याचप्रमाणे थेट बर्फावर ठेवून गोठलेली लसही वाया गेली असे समजावे. शक्य असेल तर जिथे लस साठवली जाते तिथेच जाऊन घ्यावी. अंड्याची ॲलर्जी आता या लसीला अडसर मानली जात नाही. पूर्वीच्या फ्लूच्या लसीने तीव्र ॲलर्जी आली असेल, किंवा लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत गिलां-बारे हा नसांचा आजार झाला असेल, तर मात्र डॉक्टरांना आधी सांगावे.

आता घरातल्या इतरांविषयी, आणि माझ्या दृष्टीने हा भाग आईच्या लसीइतकाच महत्त्वाचा आहे. आईला मिळणारे संरक्षण अपुरे राहील हे आपण धरून चाललो आहोत. ती उणीव भरून काढायची असेल तर विषाणू उंबरठ्याच्या आत येऊ नये हा मार्ग उरतो. बालवाडीतले मूल फ्लू घरी आणते, आणि मोठ्या माणसांपेक्षा लहान मुले हा विषाणू अधिक दिवस पसरवतात. म्हणून वडील, भाऊ, भावजय आणि नातू या चौघांनीही त्याच आठवड्यात लस घ्यावी. सहा महिन्यांवरील प्रत्येकाला ती चालते. नऊ वर्षांखालील मूल पहिल्यांदाच लस घेत असेल तर त्याला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे नातवाचा पहिला डोस लांबवून चालणार नाही. रोज घरात येणाऱ्या, आईच्या हाताखाली काम करणाऱ्या मावशी असतील तर त्यांच्या लसीचा खर्चही कुटुंबाने उचलावा असे मी सुचवेन. ही लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नसल्यामुळे खर्च बहुधा खिशातूनच करावा लागतो, याची मला जाणीव आहे. सगळ्यांची एकदम सोय होत नसेल तर आई आणि नातू यांना आधी द्यावी.

लस झाल्यावरही आईला फ्लू होऊ शकतो, आणि त्या वेळी काय करायचे हे आजच ठरवून ठेवावे. स्टिरॉइडमुळे ताप फार चढत नाही, कधी कधी येतच नाही. नुसता खोकला, ग्लानी, जेवण नकोसे होणे किंवा चालताना धाप लागणे एवढ्यावरच फ्लू सुरू झालेला असतो. ‘ताप शंभरच्या वर गेला की दाखवू’ हा नेहमीचा नियम आईला लावू नये. ऑसेल्टामिव्हिर हे फ्लूच्या विषाणूवरचे औषध पहिल्या 48 तासांत सुरू केले तर सर्वाधिक उपयोगी पडते. नेहमीचा प्रौढ डोस 75 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि मूत्रपिंडाचे काम कमी असेल तर डोस कमी करावा लागतो. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांत उशीर झाला तरी ते द्यावे लागते, म्हणून ‘दोन दिवस उलटून गेले, आता उपयोग नाही’ असे ऐकून परत फिरू नये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या वर्गवारीत दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे रुग्ण ‘ब’ गटातील जोखमीच्या वर्गात येतात आणि त्यांना तपासणीच्या अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करता येते. हे आपल्या जवळच्या डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवावे, म्हणजे जुलैतल्या एखाद्या रविवारी रात्री धावाधाव होणार नाही. आजाराच्या दिवसांत मेथोट्रेक्सेटचा त्या आठवड्याचा डोस घ्यायचा की नाही हेही त्याच वेळी विचारावे. मी माझ्या रुग्णांना ताप आणि संसर्ग असताना तो डोस थांबवून मला फोन करायला सांगतो. प्रेडनिसोलोन मात्र आजारातही चालूच ठेवायचे, किंबहुना काही वेळा ते डॉक्टरांच्या सल्ल्याने वाढवावे लागते.

संधिवात तज्ज्ञांच्या पुढच्या भेटीला जाताना एका कागदावर रिटुक्सिमॅबची ठरलेली तारीख, मेथोट्रेक्सेट घेण्याचा वार आणि लस घेण्याचा दिवस लिहून न्यावा आणि त्या कागदावरच त्यांच्याकडून बदल करून घ्यावेत. भेट तीन आठवड्यांनंतर असेल तर त्यांना फोन करून विचारावे, पण लस त्या भेटीसाठी अडवून ठेवू नये.